सॅक नेमका कुणाचा? एका मोजमापाचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या प्रेझेंटेशनमध्ये मला विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नव्हतं. माझं काम पोलादावरच्या गंजरोधक लेपांवर आहे. मी पट्ट्यांचे फोटो दाखवले, गंजाचे ठिपके मोजून त्यांचा तक्ता दाखवला आणि आत्मविश्वासाने म्हटलं, "लेप ‘ब’वर ठिपके कमी आहेत, म्हणजे लेप ‘ब’ जास्त संरक्षण देतो." समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "लेपाने संरक्षण दिलं, की त्या पट्टीवर मिठाचं पाणीच कमी पडलं?" पट्ट्या चेंबरमध्ये कुठे टांगल्या होत्या, याची नोंद मी ठेवलीच नव्हती. सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

त्याच सुमारास लॅबमधल्या एका सीनियर दादाने मला कॅगलवरचा एक डेटासेट पाठवला आणि म्हणाला, "तुझा प्रश्न आणि यांचा प्रश्न एकच आहे, बघ." तो डेटा अमेरिकन फुटबॉलचा होता. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दादाचं खरं निघालं. क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूभोवती पाच जण भिंत करून उभे असतात आणि ती भिंत किती चांगली आहे हे कसं ठरवायचं, यावर तिथले लोक अनेक दशकं डोकं खाजवत आहेत. या प्रयत्नांचा इतिहास वाचताना संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये पाठ केलेल्या व्याख्या मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळल्या. म्हणून आज तोच इतिहास तुम्हाला सांगते. नेट-सेटचा अभ्यास करत असाल किंवा पीएचडीचा प्रस्ताव लिहायला घेतला असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आधी खेळ समजून घेऊ

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. दहा यार्ड पार केले की पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात. चेंडू हातात घेऊन धावता येतं किंवा पुढे फेकता येतो. पुढे फेकण्याला १९०६ मध्ये परवानगी मिळाली आणि तिथून हा खेळ हळूहळू बदलत गेला.

फेकण्याचं काम क्वार्टरबॅकचं. तो चेंडू घेऊन काही पावलं मागे येतो, पुढे धावत गेलेल्या सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा आहे हे बघतो आणि फेकतो. या सगळ्याला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात समोरच्या संघाचे चार-पाच तगडे गडी त्याला पाडायला धावून येतात. त्यांना अडवतात ते पाच जण: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला दोन टॅकल. ही झाली ऑफेन्सिव्ह लाइन. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला सुरुवातीच्या रेषेमागे पाडलं, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात.

उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ फेकताना डावीकडे वळलेली असते. म्हणून डावा टॅकल त्याला न दिसणारी बाजू राखतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नोंदवहीत नसलेले पाच जण

कुठल्याही खेळाची नोंदवही उघडा. कोणी किती मिळवलं, हे त्यात असतं. अमेरिकन फुटबॉलमध्येही कोण किती यार्ड धावला, कोणी किती पास झेलले, कोणी किती फेकले हे सगळं वर्षानुवर्षं नोंदलेलं आहे. पण लाइनमधला माणूस चेंडू फेकत नाही, सहसा झेलत नाही आणि घेऊन धावतही नाही. त्याचं काम म्हणजे काहीतरी वाईट होऊ न देणं. आणि जे घडलंच नाही, ते लिहायचं कुठल्या रकान्यात? त्यामुळे लाइनमनच्या नावापुढे किती सामने खेळला आणि किती वेळा नियम मोडून दंड ओढवून घेतला, याहून फारसं काही नसायचं.

प्रशिक्षकांना अर्थातच हे पुरेसं नव्हतं. १९४६ मध्ये उभ्या राहिलेल्या क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन सामन्यांच्या फिल्म बारकाईने बघत आणि त्यावरून खेळाडूंना गुण देत. या डावात तुझं काम हे होतं. ते केलंस की नाही? लाइन जोखण्याची ही सगळ्यात जुनी आणि समजायला सोपी रीत. तिच्यात एक मोठी ताकद आहे: गुण देणाऱ्याला कुणाला काय काम दिलं होतं हे माहीत असतं. पण ते गुण संघाच्या खोलीबाहेर येत नसत. बाहेरच्या माणसाला पडताळता येणार नाही असं मोजमाप कितीही अचूक असलं, तरी ते ज्ञान म्हणून पुढे सरकत नाही. तुमच्या गाइडना नुसत्या अनुभवाने जे ‘दिसतं’, ते प्रबंधात का लिहिता येत नाही, याचं कारण हेच आहे.

सॅकला रकाना मिळाला, पण कुणाच्या वहीत?

‘सॅक’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय बहुतेक वेळा डीकन जोन्सला दिलं जातं. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळणारा हा बचावपटू क्वार्टरबॅकला पाडण्यात पटाईत होता. गंमत म्हणजे अधिकृत नोंदीत त्याच्या नावावर एकही सॅक नाही. कारण एनएफएलने वैयक्तिक सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये आणि जोन्स १९७४ मध्येच निवृत्त झाला होता. पुढे हौशी अभ्यासकांनी जुने सामनापत्रक आणि फिल्म चाळून १९६० पर्यंतचे सॅक मोजून काढले. ते आकडे २०२१ मध्ये प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर आले, तेव्हा जोन्सच्या नावापुढे १७३.५ सॅक दिसू लागले. हा अर्धा कुठून आला? दोघांनी मिळून पाडलं की प्रत्येकी अर्धा सॅक.

इथे दोन गोष्टींकडे बघा. पहिली: १९८२ च्या आधी सॅक होत होतेच, फक्त ते वैयक्तिक नावावर अधिकृतपणे मोजले जात नव्हते. ‘नोंद नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांत फरक आहे. जुन्या आकडेवारीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सॅक मोजला गेला तो पाडणाऱ्याचं कौतुक करण्यासाठी. लाइनचा कोणता माणूस हरला म्हणून सॅक झाला, याची अधिकृत नोंद एनएफएल ठेवतच नाही. म्हणजे हल्ला करणाऱ्यासाठी तयार झालेलं माप उलटं धरून बचाव करणाऱ्याला लावलं गेलं. जास्त सॅक म्हणजे वाईट लाइन, कमी सॅक म्हणजे चांगली लाइन. माझे गंजाचे ठिपके आठवतात?

व्याख्येचा गोंधळही कमी नव्हता. एनएफएलमध्ये सॅकमुळे गमावलेले यार्ड संघाच्या पासच्या खात्यातून वजा होतात. कॉलेज फुटबॉलमध्ये तेच यार्ड धावण्याच्या खात्यातून जातात. घटना तीच, पण दोन संस्था ती दोन वेगळ्या वह्यांत लिहितात. दोन्हीकडचे आकडे एका तक्त्यात टाकणाऱ्या विद्यार्थ्याची चूक कोणालाही लगेच दिसणार नाही.

नियमही बदलत गेले. १९७८ मध्ये लाइनमनना अडवताना हात लांबवायची आणि तळवे उघडे ठेवायची मुभा मिळाली. काम सोपं झालं. मग १९७५ ची लाइन आणि १९८५ ची लाइन एकाच फुटपट्टीने मोजायची का?

यात पणाला काय लागतं?

कुणाला वाटेल, खेळच तर आहे. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने पाडलं. लाखो लोक टीव्हीवर बघत होते. थाइसमनच्या उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली आणि तो पुन्हा कधीही खेळला नाही.

१९९३ मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर संघ बदलण्याची मोकळीक मिळाली. तेव्हा डाव्या टॅकलचे, म्हणजे न दिसणारी बाजू राखणाऱ्या माणसाचे पगार लाइनमधल्या इतरांपेक्षा झपाट्याने वाढले. मायकेल लुइस यांचं ‘द ब्लाइंड साइड’ हे २००६ मधलं पुस्तक याच बदलाभोवती फिरतं. संघ कोट्यवधी डॉलर मोजायला तयार झाले, पण कोणता टॅकल किती चांगला आहे हे सांगणारा एकही धड अधिकृत आकडा त्यांच्याकडे नव्हता. चुकीच्या मापावर एखाद्याची नोकरी जायची आणि दुसऱ्याचा पाय.

फिलाडेल्फिया, १९८६: एक अपघाती प्रयोग

आता या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता भाग.

१९८६ च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सच्या क्वार्टरबॅकना मिळून १०४ वेळा सॅक केलं गेलं. एका हंगामातला हा एनएफएलचा विक्रम आहे. सॅक म्हणजे लाइनचं माप असं मानलं, तर ही इतिहासातली सगळ्यात वाईट लाइन. इथेच थांबून पेपर लिहून टाकावासा वाटतो, नाही का?

पण आकडा फोडून बघा. त्या हंगामात ईगल्सकडे अनुभवी रॉन जॉवॉर्स्की होता आणि तरुण, चपळ रँडल कनिंगहॅम होता. जॉवॉर्स्कीने २४५ पास फेकले आणि तो २२ वेळा सॅक झाला. कनिंगहॅमने त्याहून कमी, २०९ पास फेकले आणि तो ७२ वेळा सॅक झाला. उरलेले १० इतरांच्या वाट्याला. आता टक्केवारी काढू. छेद म्हणून फेकलेले पास अधिक झालेले सॅक घ्यायचे, कारण फेकायला मागे आल्याचे एवढेच प्रसंग होते. जॉवॉर्स्की: २६७ पैकी २२, म्हणजे सुमारे ८ टक्के. कनिंगहॅम: २८१ पैकी ७२, म्हणजे जवळपास २६ टक्के.

संघ तोच, हंगाम तोच, पुढे उभी राहणारी लाइनही बहुतांशी तीच. आणि फरक तिप्पट!

तर मग निष्कर्ष काय? "सॅक ही क्वार्टरबॅकचीच चूक असते," असं म्हणायचं? मीही पहिल्यांदा हेच म्हटलं होतं. दादाने विचारलं, "दोघं कुठल्या डाऊनला खेळत होते?"

झालं असं होतं की प्रशिक्षक बडी रायन यांनी हंगामाच्या बऱ्याच भागात एक वेगळीच योजना वापरली. पहिल्या दोन प्रयत्नांना जॉवॉर्स्की खेळायचा. तिसरा प्रयत्न आला आणि अजून बरंच अंतर बाकी असलं, की त्याला बाहेर काढून कनिंगहॅमला आत पाठवायचे. अशा वेळी समोरच्यांना पक्कं ठाऊक असतं की आता पासच येणार, त्यामुळे ते जीव खाऊन धावून येतात. शिवाय सहकाऱ्यांना लांब पळायला वेळ लागतो, म्हणून क्वार्टरबॅकला चेंडू जास्त वेळ हातात ठेवावा लागतो. म्हणजे कनिंगहॅमच्या वाट्याला मुळातच कठीण प्रसंग जास्त आले.

हाच तो ‘गोंधळवणारा चल’. पुस्तकात व्याख्या वाचताना वाटतं की हा काहीतरी अवघड, लपलेला शत्रू असेल. प्रत्यक्षात तो असा असतो: कोणीतरी एका पट्टीला चेंबरच्या कोपऱ्यात टांगलेलं असतं.

तरी प्रसंगाने सगळा फरक भरून निघत नाही. कनिंगहॅम पुढे अनेक वर्षं ईगल्सचा मुख्य क्वार्टरबॅक होता, सगळ्या डाऊनला खेळायचा, आणि तेव्हाही तो खूप वेळा सॅक होत राहिला. १९९२ मध्ये ६० वेळा. चेंडू हातात धरून पळत राहायचं आणि काहीतरी अचाट करून दाखवायचं, ही त्याची शैलीच होती. त्या ७२ मध्ये लाइनचा वाटा होता, प्रसंगाचा होता आणि त्याचा स्वतःचाही होता. एकटा ७२ हा आकडा हे वाटे कधीच सांगणार नाही.

मियामी, १९८८: उलट बाजूने

दोनच वर्षांनी नाण्याची दुसरी बाजू दिसली. मियामी डॉल्फिन्सच्या डॅन मरीनोने १९८८ मध्ये ६०६ पास फेकले आणि तो फक्त ६ वेळा सॅक झाला, म्हणजे एक टक्का. पूर्ण संघाचे मिळून सॅक झाले ७, आणि हाही विक्रम आहे.

मग ही इतिहासातली सर्वोत्तम लाइन? पण त्या लाइनचा आधार असलेला सेंटर ड्वाइट स्टीफन्सन, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, १९८७ च्या डिसेंबरमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला होता. १९८८ मध्ये तो खेळलाच नाही. सगळ्यात चांगला माणूस गेला आणि विक्रम त्यानंतर झाला. कारण मरीनोचा हात विजेसारखा होता. धावून येणारा पोचायच्या आत चेंडू गेलेला असायचा. लाइन चांगली होतीच, पण तिच्याकडे मागणी कमी वेळाची होती.

नंतर पेटन मॅनिंगने हेच दोन संघांत दाखवून दिलं. इंडियानापोलिस कोल्ट्सकडून २००९ मध्ये तो १० वेळा सॅक झाला, आणि डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून २०१३ मध्ये, ६५९ पास फेकूनही, १८ वेळा. लाइन बदलली, शहर बदललं, सॅक कमीच राहिले. संघ बदलला तरी क्वार्टरबॅकचं सॅकचं प्रमाण बऱ्याच अंशी त्याच्यासोबत जातं, हे आज या क्षेत्रात सर्वमान्य झालं आहे. संशोधनाच्या भाषेत हा फार उपयोगी विचार आहे: एखादा गुण कुणाचा आहे हे कळत नसेल, तर माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलेलं बघा आणि तो गुण कुणाबरोबर गेला ते शोधा.

माप सुधारण्याचे प्रयत्न

२००३ मध्ये ॲरन शाट्झ यांनी फुटबॉल आउटसायडर्स सुरू केलं. त्यांच्या ‘समायोजित सॅक दरा’त सॅकची संख्या पास खेळींच्या संख्येने भागायची आणि त्यात डाऊन, बाकी अंतर आणि समोरचा संघ यांचा हिशोब धरायचा. म्हणजे १९८६ च्या गोष्टीतला कोपऱ्यातल्या पट्टीचा प्रश्न काही प्रमाणात सुटला. पण क्वार्टरबॅकचा वाटा अजूनही आतच होता, आणि माप अजूनही सगळ्या लाइनचं मिळून होतं.

दुसरी अडचण सॅक विरळ असण्याची. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीमुळे बाहेर होते. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स रात्रभर जीव मुठीत धरून पळत होता. त्याच्या नावावर सॅक किती? फक्त ३. पण ईएसपीएनच्या मोजणीनुसार ५६ पैकी २९ वेळा त्याच्यावर ‘प्रेशर’ आलं, म्हणजे निम्म्याहून जास्त. सुपर बोलच्या इतिहासातला तो सर्वाधिक आकडा होता. टँपा बे ३१–९ असे जिंकले. फक्त सॅक बघणाऱ्याला ही भिंत त्या दिवशी कोसळली होती हे कळलंच नसतं. क्वार्टरबॅकच्या पायांनी ते झाकून टाकलं होतं.

म्हणून सॅकऐवजी प्रेशर मोजायची कल्पना पुढे आली. सॅक झाला, फेकताना धक्का बसला किंवा घाईने फेकावं लागलं, हे सगळं धरायचं. घटना वाढल्या की यादृच्छिक चढउतार कमी होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पण ‘घाईने फेकावं लागलं’ हे ठरवणार कोण? इथे माणसाचा डोळा आला, आणि डोळा आला की मतभेद आले.

नील हॉर्न्सबी या इंग्लंडमधल्या चाहत्याने सुरू केलेल्या प्रो फुटबॉल फोकसने या डोळ्यालाच शिस्त लावायचा प्रयत्न केला. प्रत्येक खेळीत प्रत्येक खेळाडूला उणे दोन ते अधिक दोन या पट्टीवर गुण. एका अर्थाने ही पॉल ब्राउन यांचीच रीत, पण खोलीबाहेर आणलेली. लाइनमधल्या एकेका माणसाला स्वतःचा आकडा मिळाला. फक्त, खोलीत बसलेल्या प्रशिक्षकाला जे माहीत होतं ते गुण देणाऱ्याला माहीत नसतं: त्या खेळीत त्या माणसाला नेमकं काम काय दिलं होतं? गार्डने आत यायचं ठरलं होतं आणि टॅकलने बाहेर जायचं, मधून एकजण निसटला. चूक कुणाची? फिल्मवरून अंदाज करता येतो, दरवेळी खात्री देता येत नाही.

खांद्यावरच्या चिपा आणि अडीच सेकंद

२०१४ पासून एनएफएल खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये छोट्या चिपा बसवू लागली. प्रत्येक खेळाडू मैदानावर कुठे आहे हे सेकंदाला दहा वेळा नोंदलं जातं. २०१८ मध्ये ईएसपीएनने या माहितीवरून ‘पास ब्लॉक विन रेट’ आणला. नियम सुटसुटीत: लाइनमनने समोरच्याला २.५ सेकंद किंवा जास्त वेळ अडवून धरलं, तर तो जिंकला. क्वार्टरबॅक पुढे चेंडू धरून उभा राहिला आणि चौथ्या सेकंदाला पडला, तर त्याचं खापर लाइनवर नाही.

पहिल्यांदाच लाइनचं काम क्वार्टरबॅकच्या कामापासून बऱ्यापैकी सुटं झालं. आता दोष बघा. २.४ ला हरला तो हरला आणि २.६ ला हरला तो जिंकला? अखंड बदलणाऱ्या गोष्टीवर आपण मध्येच रेघ मारली की असं होतंच. रेघ मारू नका असं मी म्हणत नाही. मारली तर ती तिथेच का मारली हे लिहा.

दादाने मला पाठवलेला डेटासेट २०२३ च्या बिग डेटा बोल या स्पर्धेचा होता. एनएफएल ही स्पर्धा घेते, आणि त्या वर्षीचा विषय होता पासच्या वेळी लाइनवर होणारी झुंज. २०२१ च्या हंगामातल्या पहिल्या आठ आठवड्यांची माहिती त्यात होती. त्यातून क्वांग न्गुयेन, रोनाल्ड युर्को आणि ग्रेगरी मॅथ्यूज यांनी ‘स्ट्रेन’ नावाचं माप मांडलं, आणि ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले. कारण कल्पना आमच्या पदार्थविज्ञानातली होती: विकृतीचा दर, म्हणजे लांबी बदलण्याचा वेग भागिले लांबी. त्यांनी लांबीच्या जागी हल्लेखोर आणि क्वार्टरबॅक यांच्यातलं अंतर घेतलं. हल्लेखोर चार मीटरवर असेल आणि सेकंदाला दोन मीटर वेगाने जवळ येत असेल, तर माप ०.५. तोच वेग, पण एक मीटरवरून, तर २. धोका चौपट, आणि हे आपल्या मनालाही पटतं. मध्येच मारलेली रेघ नाही, कुणाचा डोळा नाही. सेकंदाच्या प्रत्येक दहाव्या भागाला एक आकडा. मग कुठल्या प्रसंगात, कुठल्या संघाविरुद्ध हे बहुस्तरीय मॉडेलमध्ये घालून प्रत्येकाचा वाटा वेगळा काढायचा.

पण जरा थांबा. हे मापही मुळात हल्लेखोराला जोखण्यासाठी मांडलं आहे. लाइनला लावायचं तर ते पुन्हा उलटं धरावं लागतं. १९८२ मध्ये जे झालं तेच, फक्त आता आपण ते जाणूनबुजून करतो आणि त्याची किंमत किती हे मोजू शकतो. मला वाटतं, या इतिहासातली खरी प्रगती हीच आहे. शेवटचं, अचूक माप कोणालाच सापडलेलं नाही. सापडली ती प्रत्येक जुन्या मापाने काय लपवलं होतं, याची यादी.

तुमच्या प्रस्तावात हे कुठे बसतं?

संशोधन आराखड्यात ‘चल आणि मापन’ हा मथळा लिहायला घ्याल, तेव्हा इतकं करा.

१. तुमचं माप मुळात कुणी, कशासाठी तयार केलं ते शोधा. शाळेची पटसंख्या असो, रुग्णालयाचा मृत्युदर असो किंवा गंजाचे ठिपके. आकड्याचा जन्मदाखला मिळाला की त्याचे निम्मे दोष तिथेच सापडतात.

२. ज्याला श्रेय किंवा दोष देताय, त्याच्याशिवाय आणखी कुणाचा हात त्या आकड्यात आहे, त्यांची नावं लिहून काढा. १०४ सॅकमध्ये निदान तिघांचे वाटे होते.

३. छेद लिहा. ७२ पैकी किती नव्हे, कितींपैकी ७२.

४. तोच माणूस, तोच लेप, तीच शाळा वेगळ्या परिस्थितीत कधी बघायला मिळते का, ते शोधा. निसर्ग, प्रशासन आणि बडी रायनसारखे प्रशिक्षक असे प्रयोग नकळत करून ठेवतात. फक्त त्यांतली वाटणी यादृच्छिक नसते, हे विसरू नका.

माझ्या पट्ट्यांचं पुढे काय झालं? दुसऱ्या फेरीत मी दर दोन दिवसांनी त्यांच्या जागा बदलल्या आणि प्रत्येक जागेवर पडणारं मिठाचं पाणी वेगळ्या भांड्यात गोळा करून मोजलं. लेप ‘ब’ अजूनही पुढे आहे, पण पहिल्या तक्त्यात दिसला होता तितका नाही. त्या सरांना नवा तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि लगेच विचारलं, "आणि ठिपके मोजले कुणी? एकटीनेच?"

आता तिसरी फेरी चालू आहे. या वेळी ठिपके दोघं मोजतो आहोत, एकमेकांचे आकडे न बघता.